बादलीतलं पाणी कोण तपासणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पहिल्या पानावर एक छायाचित्र होतं. पुराने वेढलेली वस्ती, ट्रेलरवर बसवलेलं फिरतं जलशुद्धीकरण यंत्र, त्याच्या नळाखाली धरलेला काचेचा ग्लास आणि ग्लासात नितळ पाणी. खाली लिहिलं होतं, ‘तासाला १,००० लिटर शुद्ध पाणी’. पाहून बरं वाटलं. असं यंत्र चिखलातून वेळेवर पोहोचवणं किती कष्टाचं असतं ते मी जवळून पाहिलेलं आहे. पण तो ग्लास दिवसभर डोळ्यांपुढून हलेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी ३१ वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर मदतपथकांबरोबर तीन पुरांत आणि एका भूकंपात गेले. तिथेही काम तेच, पाणी तपासायचं. या सगळ्यातून माझी एक ठाम समजूत झाली आहे. यंत्राच्या नळातून निघालेलं पाणी आणि माणसाच्या पोटात जाणारं पाणी, ही दोन वेगळी पाणी आहेत. दोघांच्या मधे एक बादली असते, एक पेला असतो, कुणाचा तरी हात असतो आणि अर्धा दिवस असतो. आपला सगळा पैसा आणि सगळी हुशारी नळाच्या अलीकडे खर्च होते. नळाच्या पलीकडे कुणी उभंच नसतं.

हे मला ज्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट कळलं ती सांगते. पुराच्या निवाऱ्यात शंभराच्या वर कुटुंबं होती. यंत्र उत्तम चालू होतं. सकाळी नळापाशी मी उरलेला क्लोरीन मोजला, लिटरला ०.६ मिलिग्रॅम. अगदी हवा तसा. वहीत नोंद केली आणि समाधानाने पुढच्या कामाला लागले. संध्याकाळी सहज म्हणून तपासणीची पेटी घेऊन कुटुंबं जिथे पथारी टाकून बसली होती तिथे गेले आणि ज्याच्या त्याच्या भांड्यातलं पाणी तपासायला लागले. ही तपासणी अगदी सोपी आहे. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात डीपीडीची गोळी चुरडून टाकायची, हलवायचं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितका जास्त क्लोरीन तितका गडद गुलाबी. नसेल तर पाणी होतं तसंच राहतं.

पहिली नळी पांढरी. दुसरी पांढरी. तिसरी जेमतेम गुलाबीची छटा. अशी वीस भांडी तपासली, त्यांतल्या चौदांत रंग आलाच नाही. एका आजींकडे रंगाची जुनी बादली होती. पुराच्या पाण्यातच विसळलेली, तळाला चिखलाची बारीक रेघ. झाकण नव्हतं. मी नळी हलवत होते तेवढ्यात त्यांचा नातू आला, स्टीलचा पेला घेतला आणि मनगटापर्यंत हात बादलीत बुडवून पाणी काढलं. तो नुकताच बाहेरून खेळून आला होता. त्याच ओळीत तीन पथाऱ्या सोडून एका बाईंनी अरुंद तोंडाच्या, झाकणाच्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवलं होतं. त्या पाण्यात गोळी टाकली आणि नळी लगेच गुलाबी झाली. नळ तोच, भरायची वेळही जवळजवळ तीच. फरक एवढाच की एकीकडे कॅन होता आणि दुसरीकडे बादली.

क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर घरापर्यंत जाणारा राखणदार आहे. भांड्याला लागलेला मळ, पाण्यात गेलेला हात, उघड्यावरची धूळ, या सगळ्यांशी झगडताना तो खर्च होतो. पाणी उघडं राहिलं की तो नुसताच उडूनही जातो. मदतकार्यासाठी जगभर जी ‘स्फिअर’ची किमान मानकं पाळली जातात, त्यांत म्हणूनच पाणी माणसाच्या हाती पडतं त्या ठिकाणी लिटरमागे किमान ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असला पाहिजे असं सांगितलं आहे. नुसत्या पोकळ तंतूंच्या गाळणीतून किंवा अतिनील दिव्याखालून निघालेल्या पाण्यात तर हा राखणदार मुळातच नसतो. ते पाणी नळाशी कितीही शुद्ध असलं तरी पहिल्याच मळक्या पेल्याशी हरतं.

हे फक्त माझ्या वीस नळ्यांवरून सांगत नाही. १९९३ साली मलावीमधल्या मोझांबिकच्या निर्वासितांच्या छावणीत काही कुटुंबांना झाकणाची आणि तोटीची बादली दिली गेली, बाकीच्यांनी नेहमीचीच भांडी वापरली. त्या बादल्यांमधल्या पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचं प्रमाण ६९ टक्क्यांनी कमी निघालं आणि त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ३१ टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, वीज नाही, औषध नाही. फक्त हात आत जाणार नाही असं भांडं.

आता यंत्राच्या अलीकडचं थोडं सांगते, कारण तिथेही एक गोष्ट वारंवार चुकते. पुराचं पाणी म्हणजे पाण्यात मिसळलेली माती असते. आपल्या छायाचित्रातल्यासारखी बरीच फिरती यंत्रं आणि हातात मावणाऱ्या गाळण्या पोकळ तंतूंच्या असतात. त्या तंतूंच्या भिंतींना साधारण ०.१ मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक छिद्रं असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू त्यातून जात नाही, आमांशाचा जात नाही. पण गाळही जात नाही. एका पुरात मी असं यंत्र पाहिलं की ज्याच्याबरोबर आधी गाळ बसवायची टाकी पाठवलीच नव्हती. पंपाचा पाइप थेट तपकिरी पाण्यात. पहिल्या दिवशी पाण्याची धार मनगटाएवढी, दुसऱ्या दिवशी करंगळीएवढी, तिसऱ्या दिवशी थेंब थेंब. यंत्र चालवणारा मुलगा मेहनती होता. उलट्या दाबाने धुऊन धुऊन तो थकला. गाळणीची बदलायची नळकांडी, म्हणजे काडतुसं, आलीच नव्हती. चौथ्या दिवशी यंत्रावर ताडपत्री पडली आणि लोक पुन्हा विहिरीकडे वळले. ते यंत्र कुणी पाठवलं होतं हे मला इथे सांगायचं नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. फक्त पुराचं पाणी कसं असतं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

दोन टाक्या आणि तुरटी असती तर ते यंत्र चाललं असतं. तुरटीने मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. काही तास थांबलं की वरचं पाणी बरंच निवळतं. क्लोरीनसाठीही हे करावंच लागतं, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन जंतूंपर्यंत पोहोचण्याआधी गाळातच खर्च होतो. गढूळपणा ५ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) खाली आणल्याशिवाय नेहमीच्या मात्रेवर भरवसा ठेवू नये.

निवळवणं आणि निर्जंतुक करणं, दोन्ही एकाच पुडीत भरलेली चूर्णंही मिळतात. त्यांत लोहाचा क्षार असतो आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट. दहा लिटर पाण्यात एक पुडी टाकून पाच मिनिटं ढवळायचं. चहासारखं पाणी असतं, त्यात आधी बारीक कण दिसतात, मग त्या कणांचे कापसासारखे पुंजके होतात, आणि ढवळणं थांबवलं की ते सावकाश खाली उतरतात. वर पाणी इतकं नितळ दिसतं की पाहणारी मुलं ओरडतात. पण मुद्दा पुढेच आहे. ते पाणी स्वच्छ सुती फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं आणि आणखी वीस मिनिटं थांबायचं. क्लोरीनला त्याचं काम करायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे एका पुडीला दोन भांडी, एक काठी, एक फडकं आणि जवळपास अर्धा तास लागतो. पुराने घर धुऊन नेलेल्या बाईकडे दोन भांडी असतील का, हे पुड्यांची खोकी भरताना कुणीतरी विचारायला हवं. मी एकदा अशा पुड्या मुलांच्या हातात खेळायला दिलेल्या पाहिल्या आहेत, कारण त्या कशा वापरायच्या हे दाखवायला कुणी थांबलंच नव्हतं.

गाळणी चांगली की क्लोरीन, असा वाद मी मदतपथकांत पुष्कळ ऐकला. माझं मत असं की हा वाद घालण्याचं कारणच नाही. काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचा. तो ०.१ मायक्रॉनच्या छिद्रातून आरामात पार होतो, पण क्लोरीनने मरतो. उलट क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याने सुमारे ४ लाख माणसं आजारी पाडली, तीही नळाचं शुद्ध केलेलं पाणी पिऊन. तो ४ ते ६ मायक्रॉनचा, त्यामुळे बारीक गाळणीत अडकतो. एकाला जे जमत नाही ते दुसरं करतं. म्हणून आधी निवळा, मग गाळा, मग क्लोरीन घाला आणि मग झाका. या क्रमात शेवटच्या पायरीला सर्वांत कमी खर्च येतो आणि नेमकी तीच राहते.

क्लोरीनच्या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगणं भाग आहे. भूकंपानंतर एका डोंगरातल्या वस्तीत पाच हजार लिटरच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालायचं काम माझ्याकडे होतं. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली की तिचा जोर कमी होत जातो. पोतं आधीच फोडलेलं दिसलं, म्हणून पावडर जुनी असणार असं मी धरून चालले आणि मात्रा वाढवली. खरं तर त्यासाठी हॉरॉक्सची चाचणी असते. सहा पांढरे कप आणि एक काळा. काळ्या कपात पावडरचं द्रावण करायचं, पांढऱ्या कपांमध्ये टाकीचं पाणी घेऊन त्यात एक, दोन, तीन असे चढत्या क्रमाने थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं आणि मग निर्देशक घालून कोणत्या कपापासून निळा रंग येतो ते पाहायचं. पोत्यातली पावडर आणि टाकीतलं पाणी, दोन्हींचा हिशेब त्यात एकदम होतो. मी आयुष्यात शेकडो वेळा ती चाचणी केली आहे. त्या दिवशी केली नाही. रांग वाढत होती, मुलं रडत होती, आणि अर्धा तास मला फार वाटला.

पावडर ताजी होती. पाण्याला उग्र वास आला. त्या पाण्याने कुणाला अपाय झाला नसता, पण आयांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि लेकरांना द्यायला नकार दिला. एक तरुण आई मला म्हणाली, “ताई, हे औषधाचं पाणी आहे. माझं बाळ आधीच आजारी आहे.” दुपारपर्यंत निम्म्या बाया हंडे घेऊन खालच्या ओढ्यावर गेल्या. टाकी भरलेलीच राहिली. ओढ्याच्या वरच्या अंगाला माणसं शौचाला बसत होती.

त्या आईशी मी संध्याकाळी बराच वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा कप मांडले, सगळ्यांदेखत चाचणी केली, निळा रंग कशाने येतो ते दाखवलं, मात्रा खाली आणली. भरलेलं पाणी फडकं बांधून तासभर ठेवलं की वास कमी होतो, हेही दाखवलं. लोक परत आले, पण सगळे नाही. मुलाला काय पाजायचं हे आई ठरवते, आणि तिला पटलं नाही तर आपलं सगळं शास्त्र टाकीत पडून राहतं. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी वस्तीतल्या एक-दोन बायांना पाण्याची चव घ्यायला लावते आणि मगच नळ सुरू करू देते.

हे सगळं एवढ्या कळकळीने लिहितेय, कारण पाण्याच्या हलगर्जीपणाची किंमत मोजलेली आहे. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातले लाखो निर्वासित शेजारच्या झैर (आताच्या काँगो) देशातल्या गोमा शहराच्या परिसरात आले. पटकी आणि हगवणीची साथ पसरली आणि पहिल्या महिनाभरात सुमारे ५० हजार माणसं गेली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, विहिरी खणता येईनात, शौचासाठी खड्डे खणता येईनात. हैतीत २०१० च्या जानेवारीत भूकंप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पटकी आली आणि पुढच्या काही वर्षांत तिने जवळपास १० हजार बळी घेतले. तो जंतू बाहेरून आलेल्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या मैल्यातून नदीत उतरला होता. मदतीला येणाऱ्यांच्या आवारातलं सांडपाणी कुठे जातं हाही म्हणून पाणी शुद्ध करण्याचाच भाग आहे.

आकड्यांचंही एक सांगते. ‘तासाला १,००० लिटर’ ऐकायला खूप वाटतं. स्फिअरच्या मानकाप्रमाणे माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागतं. हजार माणसांच्या निवाऱ्याला रोज १५ हजार लिटर. म्हणजे ते यंत्र न थांबता पंधरा तास चाललं पाहिजे, तेवढा वेळ वीज किंवा डिझेल पाहिजे. शिवाय एका नळामागे २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, म्हणजे किमान चार नळ. छायाचित्रात मला एकच दिसला. एक नळ म्हणजे लांब रांग, आणि रांग लांबली की लोक जवळचं घाण पाणी भरतात. आणि पुराच्या पाण्यात डिझेल किंवा शेतातली कीटकनाशकं मिसळली असतील, तर उकळून, क्लोरीन घालून किंवा या गाळणीतून काढून ती जात नाहीत. अशा वेळी पाण्याचा उगमच बदलावा लागतो, यंत्र नव्हे.

दुर्गम वस्त्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथे आपत्ती रोजचीच असते आणि छायाचित्रकार येत नाही. पण सर्वांत मोठं यश मात्र अशाच वस्त्यांमध्ये मिळालेलं आहे, आणि तेही साध्या कापडाने. नारू या कृमीच्या रोगाचे १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. त्या रोगाला ना लस, ना औषध. पाण्यातल्या ज्या सूक्ष्म प्राण्यांतून नारू शरीरात जातो ते कापडाच्या गाळणीत अडकतात, एवढ्या एका गोष्टीवर काम उभं राहिलं. गाळण्यासाठी कापड, गळ्यात अडकवायची नळीसारखी गाळणी, आणि गावातलाच एक माणूस, जो घरोघर जाऊन फडकं फाटलं का ते बघतो. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. आता जगभरातले वर्षाचे रुग्ण बोटांवर मोजता येतील इतके उरले आहेत. बांगलादेशात मतलब नावाच्या भागातल्या ६५ गावांत जुन्या साडीची घडी घालून पाणी गाळायला शिकवलं, तर पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. पाच वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा ३१ टक्के बाया अजूनही गाळत होत्या. काहींना हा आकडा कमी वाटेल. मला तो फार मोठा वाटतो, कारण मी पाहिलेलं एकही यंत्र पाच वर्षांनी चालू नव्हतं.

पुराच्या त्या निवाऱ्यात एक अकरावीतली मुलगी होती. माझ्या नळ्यांचा रंग बघायला ती रोज येऊन बसायची. चौथ्या दिवशी मी तिला पेटी दिली आणि कसं मोजायचं ते शिकवलं. तिने वहीत रकाने आखले. तारीख, कुटुंब, भांड्याला झाकण आहे की नाही, रंग. तिने मोजायला लागल्यावर बायका आपणहून झाकणं शोधायला लागल्या, ताटं, पाट, जे मिळेल ते. आपल्या भांड्याची नळी गुलाबी यावी असं प्रत्येकीला वाटायला लागलं. दहाव्या दिवशी आमचं पथक परतलं. पेटी तिच्याकडेच ठेवली. दोन महिन्यांनी तिने मला वहीच्या पानांचे फोटो पाठवले. आम्ही निघाल्यानंतरही सतरा दिवस नोंदी होत्या. अठराव्या दिवशी तारीख लिहिलेली आणि पुढे ‘गोळ्या संपल्या’.

त्या गोळ्या वजनाने नगण्य असतात. यंत्राच्या एका काडतुसाच्या जागेत शेकडो मावतील. माझी आपल्याला विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी आपला बातमीदार अशा यंत्रापाशी गेला, तर त्याने नळाखालच्या ग्लासाचं छायाचित्र जरूर काढावं. पण मग संध्याकाळी पुन्हा जावं, कुणाच्याही पथारीपाशी बसावं आणि बादलीला झाकण आहे का ते बघावं. यंत्राबरोबर किती झाकणाची भांडी आली, क्लोरीन मोजायच्या किती गोळ्या आल्या आणि पथक गेल्यावर मोजणार कोण, हे पाठवणाऱ्यांना विचारावं, आणि मिळालेली उत्तरं छापावीत. आपण छापलंत, तर पुढचं यंत्र निघण्याआधी कुणीतरी खोकं उघडून त्यात काय काय आहे ते बघेल.

आपली नम्र,
एक निवृत्त पाणी तपासणी तंत्रज्ञ